शिकल्यासवरल्या माणसाने अविवेकी कसे वागावे (आसनगाव स्थानकापुरते मार्गदर्शन)

अविवेकी वागायला निर्बुद्ध असावे लागत नाही. पदवीधरालाही ते उत्तम जमते. बुद्धी पुरेशी असूनही विचार व वर्तन विवेकाला धरून नसणे, या अवस्थेला मानसशास्त्रज्ञ कीथ स्टॅनोविच यांनी 1993 साली 'डिसरॅशनॅलिया' असे नाव दिले. बुद्ध्यांकाच्या चाचणीत विवेक तपासला जात नाही. तेव्हा गुण कितीही चांगले असले तरी उमेदवाराने नाउमेद होऊ नये.

साहित्य : एक पदवी, लोकलचा पास, मोबाईल.

1. हिशेब लहान ठेवावा. आसनगावहून सीएसएमटीला सुमारे दोन तास लागतात. त्यात पुलाचा जिना चढण्याची दोन मिनिटे वाचवण्यासाठी थेट रुळांत उतरावे. गाडी फलाटावर येऊन उभी राहिली, की वाचलेली मिनिटे मोबाईलवर रील पाहण्यात घालवावीत.

2. सोयीचाच पुरावा गोळा करावा. "रोज असाच जातो, कधी काही झालं नाही," हे वाक्य पाठ असावे. ज्यांना काही झाले, ते सांगायला फलाटावर येत नाहीत. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी 1960 साली एका प्रयोगात लोकांना 2-4-6 हे आकडे देऊन त्यामागचा नियम ओळखायला सांगितला. अनेकांनी 'दोन-दोनने वाढ' असे गृहीत धरून 8-10-12 सारखीच उदाहरणे तपासली. नियम एवढाच होता, की आकडे चढते असावेत. आपले म्हणणे चुकते का, हे पाहायचे बहुतेकांना सुचले नाही. उमेदवारालाही ते सुचू नये.

3. विज्ञान परीक्षेपुरते ठेवावे. 21 सप्टेंबर 1995 रोजी गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या, त्यांत शिकलेलेही होते. पृष्ठताणामुळे चमच्यातले दूध सोंडेकडे ओढले जाते आणि मूर्तीवरून पातळ थराने ओघळते, एवढेच ते होते. त्याच चालीवर, ताशी 100 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 28 मीटर, हे शाळेतले गणित रुळांत आठवू नये. नाशिककडच्या बहुतेक मेल-एक्स्प्रेस इथे न थांबता जातात, हेही विसरावे.

4. वेडेपणा दुसऱ्यांत शोधावा. पाड्यावरचा माणूस दवाखाना सोडून भगताकडे गेला, यावर फलाटावर पोटभर हसावे आणि मग रुळांत उतरावे. स्वतःचे पूर्वग्रह न दिसण्याचा दोष अधिक बुद्धीने कमी होत नाही, असे वेस्ट, मेसर्व्ह व स्टॅनोविच यांना 2012 मधील अभ्यासात आढळले. हुशार माणसाला उलट आपल्या बाजूची कारणे जास्त सुचतात.

खबरदारी : "काय घडले तर मी चुकलो असे मानीन?" हा प्रश्न स्वतःला विचारू नये. विचारल्यास वरील चारही पायऱ्या निष्फळ ठरतात आणि माणूस पुलावरून जाऊ लागतो.

रेल्वे अधिनियम, 1989 च्या कलम 147 नुसार रुळांत विनापरवाना शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पदवीधरांना त्यात सवलत नाही.