गाडी, काका आणि करंट

गाडी बंदच पडायची असेल तर कायमची पडावी. तिला टोचन लावून नेता येतं, येणारे-जाणारे हळहळतात, मिस्त्री बॉनेट उघडून नेमकं काय गेलं ते सांगतो. अधूनमधून बंद पडणाऱ्या गाडीच्या मालकाला मात्र सहानुभूती मिळत नाही. त्याच्याकडे संशयाने बघतात.

माझी गाडी 1996ची, कार्बोरेटरवाली. 2000च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि नव्या मोटारींतून कार्बोरेटर हळूहळू हद्दपार झाला. आमच्याकडे तो अजून नांदतो आहे. गाडी मूळची काकांची. गुडघे बोलायला लागल्यावर त्यांनी ती मला दिली. दिली म्हणजे आरसीवर नाव माझं लागलं; मालकी त्यांनी सोडली नाही.

दुखणं असं होतं. पुण्यात, सपाट रस्त्यावर, तक्रारीला जागा नाही. कात्रजचा चढ लागला, ॲक्सिलरेटर दाबला, की गाडी विचारात पडायची. मग दोन-चार झटके, एक लांब उसासा आणि सामसूम. मागे हॉर्नचं संमेलन. थोडा वेळ बाजूला उभी केली की एका सेल्फमध्ये चालू, आणि चालू अशी की मघाशी बंद पडली ती कुणा दुसऱ्याची असावी. गॅरेजच्या दारात तर तिच्यासारखी गुणी गाडी नाही. मिस्त्री गल्लीतून चक्कर मारून यायचा, चावी हातात द्यायचा आणि मला आपादमस्तक न्याहाळून म्हणायचा, "साहेब, मख्खन आहे."

निदानं मात्र घरबसल्या येऊ लागली. वीजमंडळातून निवृत्त झालेले शेजारी म्हणाले, "अर्थिंग लूज आहे, लिहून घ्या." त्यांना जगातले सगळे बिघाड अर्थिंगचेच वाटतात. मेहुण्यांनी सरकारला धरलं. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या गाड्यांचं रबर खातं, पाणी ओढून घेतं, हे सगळं त्यांनी मला चहा थंड होईपर्यंत समजावलं. त्यात तथ्य होतं. पण मेहुणे इथेनॉल येण्याआधीही सरकारलाच धरत. आणि काका? काका म्हणाले, "इंजिनात काहीएक नाही. तुला क्लच सोडता येत नाही."

गॅरेजवाला गप्प बसणाऱ्यातला नव्हता. त्याने प्लग बदलले. गाडी उत्तम चालली. चार दिवसांनी कात्रज. मग पॉइंट आणि कंडेन्सर बदलले. उत्तम. पुन्हा कात्रज. मग कॉइल. कॉइलची बाजू त्याने जोरात मांडली: बॅटरीच्या 12 व्होल्टचे ती हजारो व्होल्ट करते, आतली तार गरम झाली की कुठेतरी तुटते, थंड झाली की पुन्हा जुळते. लक्षणं तंतोतंत जमत होती. चार सिलिंडरचं इंजिन नुसतं 800 फेऱ्यांवर घुरघुरत असलं तरी मिनिटाला 1600 ठिणग्या लागतात, हा हिशोब ऐकल्यावर तर मला कॉइलबद्दल आदरच वाटू लागला. नवी कॉइल बसली. गाडी चार दिवस उत्तम चालली.

अधूनमधूनच्या दुखण्याची हीच गंमत आहे. त्याला प्रत्येक औषध लागू पडतं. गाडी आपल्या लहरीने बरी होते आणि श्रेय शेवटच्या पावतीला जातं. त्यामुळे माझ्या गाडीवर इलाज करणारा एकही माणूस आपल्या मते हरलेला नाही. शेजाऱ्यांनी बॅटरीची वायर स्वतः आवळली होती. त्यानंतर गाडी आठवडाभर बंद पडली नाही, हे ते लिफ्टमध्ये अजून सांगतात.

शेवटी ऑफिसातल्या एकाने नाना पेठेतल्या एका वृद्ध मिस्त्रींकडे पाठवलं. त्यांनी बॉनेटला हात लावला नाही. स्टुलावर बसून नुसते प्रश्न. थंड असताना की गरम? चढावर की कुठेही? टाकी भरलेली असताना की तळाला? आणि मुख्य म्हणजे, "बंद पडते कशी? पटकन, की रडत रडत?"

"रडत रडत," मी म्हणालो.

"मग करंट नाही. करंट जातो तेव्हा दिवा विझल्यासारखी खटकन मरते. ही झटके देते म्हणजे पेट्रोल तुटतंय."

इतके दिवस हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता. सगळ्यांकडे उत्तरं तयार होती.

मिस्त्रींनी पेट्रोलच्या पाइपमध्ये पारदर्शक फिल्टर बसवला आणि ते माझ्या शेजारी बसले. कात्रजच्या चढावर गाडीने पहिल्यांदाच साक्षीदारासमोर मान टाकली. मला इतका आनंद झाला की मागचे हॉर्न सनईसारखे वाटले. बॉनेट उघडलं. फिल्टर कोरडा ठणठणीत. मिस्त्रींनी आधी टाकीचं झाकण उघडून कान लावला. झाकणाचं हवेचं भोक बुजलं की टाकीत पोकळी होते आणि उघडताना फुस्स आवाज येतो. आवाज आला नाही. मग त्यांनी पंपाकडचा पाइप काढून टाकीच्या दिशेने जोरात फुंकर मारली. आत बुडबुडे वाजले, पाइप परत जोडला, गाडी चालू. "आत कोणीतरी बसलंय," ते म्हणाले.

गॅरेजमध्ये टाकी रिकामी केली. पेट्रोलच्या काट्याचा फ्लोट काढला, त्या भोकातून वाकवलेली तार आत गेली आणि बऱ्याच खटपटीनंतर पाहुणे बाहेर आले: तळहाताएवढा प्लॅस्टिकचा तुकडा, छपाई पार धुऊन निघालेली, एक कोपरा कात्रीने तिरका कापलेला. दुधाची पिशवी. हे प्लॅस्टिक पाण्यावर तरंगतं. पण पेट्रोल पाण्याहून हलकं, त्यात ते बुडतं. तळाशी पडून राहायचं, चढावर इंजिनाने जोरात पेट्रोल ओढलं की सरकत जाऊन पाइपच्या जाळीला चिकटायचं. इंजिन उपाशी मरायचं, ओढ थांबायची, पिशवी सुटायची आणि गाडी पुन्हा मख्खन.

आता टाकीत दूध कोण आणायला गेलं होतं? तुकडा रुमालात गुंडाळून मी काकांकडे नेला. त्यांनी चष्मा लावून तो उलटसुलट पाहिला आणि क्षणात ओळखला. गाडी माझ्याकडे येण्याआधी कोल्हापूरच्या वाटेवर झाकण पंपावरच राहिलं होतं. नवं मिळेपर्यंत त्यांनी दुधाची पिशवी कोंबून वर रबरबँड लावलं होतं. काढताना अर्धीच हाताला लागली. "बाकीची वाऱ्याने गेली म्हटलं," काका म्हणाले.

काका ओशाळतील असं मला वाटलं होतं. त्यांनी तुकडा घडी करून परत दिला आणि विजयी मुद्रेने काकूंकडे बघितलं.

"बघ. इंजिनात काहीएक नव्हतं. आणि क्लच तो अजूनही तसाच सोडतो."