काळा चष्मा आणि लसूण

बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतल्या धनंजयावर वाढलेला मी. खून पडला की धनंजय येणार, मागोमाग छोटू येणार आणि पुस्तक संपायच्या आत खुनी बेड्यांत दिसणार, एवढीच माफक अपेक्षा. ती घेऊन परवा अनुराग कश्यपचा ‘रमन राघव 2.0’ लावला. सिनेमा 2016चा. मी उशिरा पोचलो खरा, पण घटनास्थळी उशिरा पोचायची आपली परंपराच आहे.

सुरुवातीला साठच्या दशकात मुंबईत खून पाडत फिरलेल्या खऱ्या रमन राघवची ओळख करून देतात आणि लगेच पाटी: हा सिनेमा त्याच्यावर नाही. पत्रिकेवर नवरदेवाचं नाव ठळक छापायचं आणि खाली तळटीप द्यायची, लग्न दुसऱ्याचंच आहे!

मग रमण्णा, म्हणजे नवाजुद्दीन सिद्दीकी, आपल्या पायांनी पोलिसांकडे येतो आणि खुनांची कबुली देऊ लागतो. कुणी त्याच्यावर विश्वासच ठेवत नाही. इथे मात्र सिनेमा मला फार वास्तववादी वाटला. माझा मोबाइल मारला तेव्हा एका चौकीत मला तासभर पटवून देत होते की तो चोरीला गेलेला नसून ‘गहाळ’ झालाय. आपल्याकडे गुन्हा कबूल करायलाही वशिला हवा.

तपास करणारा राघवन (विकी कौशल) रात्रीसुद्धा काळा चष्मा लावून हिंडतो. पुरावे दिसणार कसे? त्याला शोध आहे तो नाकात ओढायच्या पावडरीचा. माणसं मारण्यात तोही कमी नाही, आणि रमण्णाला तर त्याच्यात आपला जोडीदारच दिसतो. रमन आणि राघव, पत्रिका जुळली. हे सगळं आपल्याला तासाभरात कळतं, दिग्दर्शक मात्र पुढचा सव्वा तास समजावत बसतो.

पण उठवत नाही, हीच तर पंचाईत. भुकेला रमण्णा बहिणीच्या दारात उभा राहतो, तो प्रसंग बघताना माझा चहा गार झाला. अमृता सुभाषच्या चेहऱ्यावर आधी नुसती कटकट असते, नको असलेला पाहुणा आल्याची. मग हळूहळू तिला कळत जातं. रक्त फारसं दाखवतच नाहीत, आपल्याला ते ऐकावं लागतं. शिव्या घालत मी तो प्रसंग दोनदा पाहिला.

आई मधूनच येऊन बसली. खऱ्या रमन राघवची दहशत होती तेव्हा, 1968 साली, ती मालाडला होती, शाळकरी. “भर उकाड्यात खिडक्या लावून झोपायचो,” म्हणाली. “पकडल्यावर त्यानं आधी कोंबडी मागितली, मगच तोंड उघडलं. ते दाखवलंय का?”

मी शहाणपणा दाखवत म्हटलं, हा सिनेमा त्याच्यावर नाही. मग राहवेना, म्हणून खऱ्या रमन राघवच्या झडतीत काय सापडलं ते तिला वाचून दाखवलं: चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचं घर, साबण, चहापूड, लसूण, आणि आकडेमोड केलेले दोन कागद.

सव्वादोन तासांत एकाही पोलिसाला न पडलेला प्रश्न तिला पडला.

“चहापूड समजू शकते. पण घर ना दार, चूल ना तवा, मग लसूण कशाला रे बाळगत होता?”