तीस कॅमेरे आणि एक काका

स्पाइक ली या अमेरिकन दिग्दर्शकाने कोबी ब्रायंट नामक बास्केटबॉलपटूवर, केवळ एका सामन्यापुरते, तब्बल 30 कॅमेरे रोखून जो अनुबोधपट काढला, तो दौंडला पुतणीच्या आग्रहाखातर पाहिल्यापासून, माझ्या हयातीवर कोणी एकही कॅमेरा का रोखला नाही, या विवंचनेने मला ग्रासले आहे. महसूल खात्यात उमेद खर्ची घातलेल्या माणसाला आपलाही तपशील कुठेतरी दफ्तरी दाखल असावा असे वाटणे गैरवाजवी नाही. शिरूरच्या कचेरीत फेरफाराच्या नोंदीखाली शेरा मारून झाल्यावर मनगटाला मी जो किंचित झटका देत असे, तो संथगतीने व दोन बाजूंनी टिपण्याच्या लायकीचा होता, हे त्या वेळच्या पक्षकारांपैकी जे अद्याप हयात आहेत ते सांगतील. निदान नाकारणार नाहीत.

चित्रपटगृहात मुख्य खेळाआधी फिल्म्स डिव्हिजनचे अनुबोधपट दाखवीत, त्या काळात लोक ती वेळ बाहेर बिडी संपवण्याकडे लावीत. मी मात्र तेव्हापासून या प्रकाराचा भोक्ता आहे. परंतु 13 एप्रिल 2008 रोजी सॅन अँटोनिओच्या संघाविरुद्ध खेळणारा हा मनुष्य पाहून मी चकित झालो तो त्याच्या खेळाने नव्हे, बोलण्याने. कोण कुठे उभा राहील, कोणाला कोण अडवील, याविषयी तो साथीदारांना अखंड बजावीत असतो, आणि एवढ्याने समाधान न होऊन पुढे न्यूयॉर्कला 61 गुण केले त्याच रात्री त्याने या चित्रपटासाठी स्वतःच्या पराक्रमाचे निरूपणही स्वतःच केले. एसटी स्थानकाच्या बाकावर हेच कार्य मी विनामोबदला करीत आलो आहे. फरक इतकाच, की त्याच्या श्रोत्यांना गाडी पकडायची नसते.

नामांकित खेळाडूचा तोरा कसा असतो, हे आम्हां शिरूर-घोडनदीकरांना अमेरिकेने शिकवण्याचे कारण नाही, कारण बैलगाडा शर्यतीचा बैल ज्याने जवळून पाहिला त्याला कोबी ब्रायंट हा विनयशील वाटेल. शर्यतीच्या दिवशी या महाभागाचा खुराक घरातल्या कर्त्या माणसाच्या आधी होतो. पाठीवर झूल, शिंगांना रंग, कपाळावर भंडारा असा जामानिमा करून तो टेंपोतून उतरतो, आणि उतरताना गर्दीकडे जी उपेक्षेची नजर टाकतो ती मला नोकरीच्या अखेरीपर्यंत साधली नाही. पुढे घोडीवर स्वार, मागे चार बैल, गाड्यावर हाकणारा कोणीही नाही, आणि शर्यतीचा सारा घाट काही सेकंदांत पार! या सेकंदांसाठी 2014 साली बंदी आली, 2021च्या डिसेंबरात सशर्त परवानगी मिळाली, 18 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने शर्यतींना मुभा देणारा कायदा ग्राह्य धरला. एवढा प्रदीर्घ दावा आमच्याकडे एरवी फक्त बांधावरून चालतो. माझ्या ओळखीच्या एका बैलाचे नाव लग्नपत्रिकेत निमंत्रकांमध्ये छापले होते, माझ्या नावाच्या वर. हा विषय मी वाढवीत नाही, तथापि त्या पत्रिकेत टंकाचा आकारही त्याचाच मोठा होता.

असो. हसण्यावारी नेता येत नाही असे एक आहे. पुण्याची शिरीन लिमये भारताच्या महिला संघाचे नेतृत्व करती झाली. बास्केटबॉलच तो, चेंडू तेवढा किंचित लहान, पण सामन्याच्या दिवशी 30 सोडा, तीन कॅमेरे तिच्या मागे लागल्याचे माझ्या पाहण्यात नाही. बैलाचे चलच्चित्र मात्र दुसऱ्या दिवशी प्रत्येक पानटपरीवर हजर. याचा मला राग येतो, आणि तो राग पुतणी खेळू लागल्यापासूनचा आहे, हे आप्तस्वकीयांचे हितसंबंध उघड करण्याच्या जुन्या शिस्तीप्रमाणे नमूद करतो.

तिच्या सामन्यासाठी न्हावरे, चौफुला, पाटस करीत मी दौंडला पोचलो तेव्हा मैदानावर फक्कीच्या रेघा अर्ध्या पुसल्या होत्या आणि एका कड्याला जाळी नव्हती, त्यामुळे चेंडू आतून गेला की बाहेरून, याचा पंचांनाही क्षणभर विचार करावा लागे. पोरगी वाकून बुटांचे तळ तळहाताने पुसत होती, घसरू नये म्हणून; एक पाय, मग दुसरा, पुन्हा पहिला. "काका, एवढं शूट करा," म्हणून तिने फोन माझ्या हाती दिला, आणि अशा रीतीने शासनाने, दिग्दर्शकांनी व वाहिन्यांनी टाळलेली जबाबदारी एका निवृत्त अव्वल कारकुनाच्या अंगावर पडली.

ती मी चोख बजावली. चित्रण आदिपासून अंतापर्यंत आहे, मध्ये खंड नाही, आणि खेळाचे रहस्य पाहणाऱ्यास उलगडावे म्हणून सोबत माझे निरूपणही आहे. रात्री तिने ते पुनःपुन्हा पाहिले. कुठे पाय अडकला, कुठे चेंडू उशिरा सोडला, हे वहीत टिपून घेतले. निरूपण कसे वाटले, असे मी सहज विचारले.

"ते होय? आवाज बंद करून बघतेय, काका," ती म्हणाली, "पण पुढच्या शनिवारी कुरकुंभला मॅच आहे. याल ना?"

मी डायरी पाहून सांगतो म्हणालो. डायरी कोरीच होती.