उठला त्याची जागा गेली

आर्वी आगारात मी कंडक्टर होतो. कंडक्टरचं काम तिकीट फाडणं, असं लोकांना वाटतं. ते वरवरचं काम झालं. खरं काम न्यायदानाचं. तिघांच्या बाकावर चौथ्यानं कुठे टेकायचं, खिडकीतून आत फेकलेल्या दुपट्ट्याला जागेचा हक्क पोचतो की नाही, आठ वर्षांचं दिसणारं पोरगं आईच्या शब्दावर साडेचार वर्षांचं धरायचं का, असे खटले मी रोहणा सुटून आर्वी यायच्या आत निकालात काढत असे. वर अपील नव्हतं. कोणी फारच ताणू लागला तर घंटीची दोरी एकदाच ओढायची. गाडी थांबली की माणूस आपोआप नरम येई, कारण बाहेर ऊन असे आणि पुढची गाडी संध्याकाळी असे.

या न्यायालयाचे कायदे थोडे पण पक्के होते. रुमालानं तिकीट काढलेलं नाही, सबब रुमालाला जागा नाही. ज्याला गाडी लागते त्याला खिडकी, मग तो शेवटी चढलेला का असेना. आणि उठला त्याची जागा गेली. थुंकायला उठा, पोराला धरायला उठा, सोयऱ्याला रामराम करायला उठा. कारण विचारलं जाणार नाही. हा शेवटचा कायदा मी इतक्या वेळा सुनावला की आमच्या घरी जेवताना पाणी घ्यायला उठलेला माणूससुद्धा पाट बरोबर घेऊन जाई.

निवृत्तीनंतर पोरीनं मला पुण्याला बोलावलं, तेही विमानानं. रोहण्याच्या माणसानं पुण्याला जायचं म्हणजे पुलगाव नाहीतर वर्ध्याहून रेल्वे, किंवा रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये हाडं मोजत. पोरगी म्हणाली, नागपूरहून दीड तासाचं काम आहे. खिडकीची सीट तिनं वेगळे पैसे भरून घेतली होती. तिकिटावर पुन्हा जागेचं तिकीट! मी खिडकीचे वेगळे पैसे घेतले असते तर आगार व्यवस्थापकानं मला घरी बसवलं असतं, आणि गावानं घरातही बसू दिलं नसतं.

फोनवर तिच्या सूचना सुरू झाल्या. कोणाला ‘सरका’ म्हणायचं नाही. मधल्या सीटवर जो बसेल त्याला दोन्ही बाजूंचे आर्मरेस्ट, कारण बिचाऱ्याला ना खिडकी ना वाट. आपली सीट मागे टाकण्याआधी मागच्याला विचारायचं. “आणि बाबा, न्यायनिवाडा करायचा नाही. भांडणाऱ्यांना विमानात बसूच देत नाहीत.” हे मात्र खरं निघालं. 2017 मध्ये विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएनं त्याचा तक्ताच करून ठेवला आहे : वाईट बोलला, धिंगाणा केला तर तीन महिन्यांपर्यंत विमानबंदी, अंगाला हात लावला तर सहा महिन्यांपर्यंत, जिवावर उठला तर दोन वर्षं किंवा जास्त. मला हा तक्ता फार आवडला. एसटीत तो ड्रायव्हरच्या पाठीमागे रंगवला असता तर पोळ्याच्या आदल्या दिवशी अर्धा तालुका पायी चालला असता.

तिनं अमेरिकेतली एक हकीकतही सांगितली. ऑगस्ट 2014 मध्ये न्यूअर्कहून डेन्व्हरला निघालेल्या विमानात एका गृहस्थानं आपल्या गुडघ्यांच्या रक्षणासाठी प्लॅस्टिकचे चिमटे लावले. ते लावले की पुढची सीट मागे पडतच नाही. असे चिमटे तिकडे 2003 पासून विकत मिळू लागले होते. पुढे बसलेल्या बाईंनी संतापून त्याच्या अंगावर ग्लासभर पाणी फेकलं. विमान वाटेत शिकागोला उतरवलं आणि दोघांनाही खाली काढलं. पोरीनं हे मला भीती बसावी म्हणून सांगितलं होतं. माझी छाती मात्र भरून आली. वादी-प्रतिवादी दोघंही खाली, गाडी पुढे! त्या वैमानिकाची मूळ भरती एसटीतली असली पाहिजे.

भाच्यानं विरूळच्या इंटरचेंजवरून गाडी समृद्धी महामार्गावर घातली आणि नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर मला इतक्या लवकर नेऊन टाकलं की कर्मचाऱ्यांनाही संकोच वाटला असेल. बायकोनं दिलेली ताकाची बाटली तपासणीत अडवतील या धास्तीनं मी दारातच रिकामी केली, अर्थात पोटात. आत चहा घेतला. तिथे तो एवढ्या मोठ्या कागदी पेल्यात देतात की आमच्या स्टँडवर त्यात चौघं भागले असते. पण पैसे मोजलेले, म्हणून सगळा प्यायलो. शेजारी एक गृहस्थ होते. त्यांना मी सांगत बसलो की 1949 पासून रात्रीची टपाल विमानं दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघून मध्यरात्री इथेच एकत्र येत, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी एकमेकांत बदलत आणि पहाटेच्या आत परत फिरत. चारी बाजूंच्या गाड्यांचं क्रॉसिंग! म्हणजे हे विमानतळ म्हणजे मुळात स्टँडच. गृहस्थ ऐकत राहिले, म्हणून मी त्यांना चहा पाजला आणि सोबत म्हणून स्वतः दुसरा घेतला. या तपशिलाकडे वाचकांनी दुर्लक्ष करू नये.

विमानात माझी सीट सापडली. खिडकी मात्र सापडेना. ती होती, पण माझ्या कानाच्या मागे होती. मान पिरगाळली तर विमानाचा पंख दिसे, तोही मागची बाजू. नंतर जावयानं याचं गणित समजावलं. या जातीच्या विमानात खिडक्या साधारण 21 इंचांच्या अंतरानं ठेवलेल्या असतात आणि कंपन्या सीटांच्या रांगा 28 ते 30 इंचांवर मांडतात. तेव्हा कोणाच्या वाट्याला अख्खी खिडकी येते, कोणाला अर्धी, आणि कोणाला नुसती भिंत. पैसे सगळ्यांचे सारखे. पण त्या वेळी मी खिडकीचा मालक होतो. मालकाला माल कसा आहे याची पर्वा नसते.

वाटेकडच्या सीटवर एक तरुण आला, कानांवर हेडफोन, मांडीवर लॅपटॉप. मी रिवाजाप्रमाणे विचारलं, “कोण गाव?” त्यानं मान हलवली. तसल्या नावाचं गाव आपल्या जिल्ह्यात नाही. मधल्या सीटवर सेलूकडच्या एक बाई आल्या. माझ्याच वयाच्या, लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या, पोटाशी डिंकाच्या लाडवांची पिशवी. बसल्या आणि लगेच म्हणाल्या, “भाऊ, मले खिडकीपाशी बसू देता का? मले गाडी लागते.”

जन्मभर जो कायदा मी राबवला, तो असा समोर येऊन बसला. पण आता मी न्यायाधीश नव्हतो, पक्षकार होतो. आणि पक्षकाराला कायद्यातल्या फटी फार लवकर दिसतात. मी म्हणालो, “बाई, हे विमान आहे. इथं खिडकी उघडत नाही. उलटीसाठी पुढच्या खिशात कागदाची पिशवी ठेवलेली असते.”

बाईंनी खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “उघडत नाई, त मंग तुमाले कायले पायजे?”

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. आजही नाही. मी पैसे, आरक्षण, नियम असं काही पुटपुटलो. बाई म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या बापा,” आणि मावळत्या सरपंचाकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहून गप्प झाल्या.

मनाला टोचणी लागली की माणूस परोपकार शोधतो. मला समोरच सापडला. त्या तरुणाचा कोपर बाईंच्या बाजूच्या आर्मरेस्टवर पसरला होता. मी पुढे वाकून त्याला मधल्या सीटचा कायदा सांगितला, हेडफोनमुळे जरा चढ्या आवाजात. तीन-चार रांगांना तो कळला. तरुणानं न बोलता कोपर उचलला. मग मीही माझ्या बाजूचा कोपर मोठ्या मनानं काढून घेतला आणि बाईंना म्हणालो, “बाई, दोन्ही तुमचे.”

“मले काय करायचे? माहे हात पिशवीवर हायेत,” बाई म्हणाल्या. हवाई सुंदरीनं पिशवी पुढच्या सीटखाली ठेवायला लावली तेव्हा हात मोकळे झाले; पण बाईंनी ते पदरात घेतले. आता दोन आर्मरेस्ट रिकामे आणि तिघंही अंग चोरून बसलेलो. विमान वर गेल्यावर बाईंनी दोन्हीकडचे आर्मरेस्ट चाचपले, धरले आणि खटाखट वर उचलून टाकले. तिघांचं सरळ एक बाक झालं. त्यांनी मांडी घातली, “आता बरं झालं,” म्हणाल्या आणि झोपी गेल्या. पोरीच्या सूचनांमध्ये आर्मरेस्ट उचलला जातो हे कुठेच नव्हतं. अमरावतीला बेलोऱ्याहून 16 एप्रिल 2025 ला मुंबईचं विमान सुरू झालं, त्यात सीटा दोन-दोनच्या असतात, मधली सीटच नाही, असं ऐकलं आहे. मधला प्रवासी नाही तर वादच नाही. पण मग कंडक्टरनं करायचं काय?

याच सुमारास ताक आणि दोन चहा यांचं माझ्या आत क्रॉसिंग झालं.

खिडकीच्या सीटबद्दल एवढं लिहिलं-बोललं जातं, पण ती घेणारा माणूस वाटेपासून सगळ्यात लांब बसतो हे कोणी ठळक अक्षरात छापत नाही. माझ्या आणि स्वच्छतागृहाच्या मध्ये एक झोपलेली बाई होती, जिला मी खिडकी नाकारली होती, आणि एक जागा तरुण होता, ज्याला मी चारचौघांत कायदा शिकवला होता. कोणत्या तोंडानं म्हणायचं, जरा उठता का? पुढच्या गृहस्थानं न विचारता सीट मागे टाकली होती आणि ती माझ्या ओटीपोटावर आली होती. त्या अमेरिकन चिमट्यांची किंमत मला त्या क्षणी कळली. मी आकडे मोजले, अभंग आठवले. रोहण्यावरून पुलगाव–आर्वी नॅरो गेजची शकुंतला जायची, 1917 सालची लाइन. ती अशी चाले की गरजू माणूस खाली उतरून, मोकळा होऊन, पुढच्या डब्यात पुन्हा चढे, अशी आमच्याकडे बढाई आहे. वेगाच्या मागे लागून माणसानं काय गमावलं, यावर मी थोडा वेळ गंभीर विचार केला. त्यानं आराम पडला नाही.

शेवटी मी ठरवलं, कोणालाच उठवायचं नाही. भरल्या गाडीत पोट आत घेऊन, तिकिटांचा ट्रे डोक्यावर धरून मी मागच्या टोकापासून पुढच्या टोकापर्यंत आडवा सरकत आलेला माणूस. इथे तर दोनच माणसं. तोंड त्यांच्याकडे ठेवावं की पाठ, हा सभ्यतेचा प्रश्न होता. मी तोंड ठेवलं. एक पाय बाईंच्या मांडीवरून पलीकडे टाकला, तो जिथे टेकला तिथून कर्रर्र असा आवाज आला. डिंकाचा लाडू चांगला कडक होता. बाई ओरडत उठल्या, “माहे लाडू!” तोल सावरायला मी मागे हात टाकला, त्यात पुढच्या सीटची पाठ येण्याऐवजी त्या गृहस्थाचे केस आले. दुसरा हात आधारासाठी वर गेला आणि तिथल्या बटणावर पडला.

टिंग.

एकच घंटी. विमान थांबलं नाही.

हवाई सुंदरी आली. तोवर मी तरुणाला ओलांडून वाटेत पोचलो होतो, केसवाले गृहस्थ उभे राहून माझा चेहरा लक्षात ठेवत होते, आणि मी डीजीसीएच्या तक्त्यात केस ओढणं कुठल्या रकान्यात बसतं याचा हिशेब करत होतो. तेवढ्यात विमान हिंदकळलं, सीटबेल्टची खूण लागली, आणि ती मुलगी अतिशय गोड आवाजात म्हणाली, “सर, आता टॉयलेट वापरता येणार नाही. प्लीज आपल्या जागेवर बसा.” या आवाजापुढे माझं काही चालेना. मी स्वतः असा आवाज कधी वापरला नव्हता, हे तेव्हा कळलं.

वळून पाहतो तर बाई खिडकीत. पट्टा बांधून, पदर सारखा करून.

“बाई, ती जागा माझी आहे.”

“तुम्ही उठले नं? उठला त्याची जागा गेली.”

हा कायदा सेलूपर्यंत पोचलेला होता. मी साक्षीदार म्हणून तरुणाकडे पाहिलं. त्यानं प्रवासात पहिल्यांदाच हेडफोन काढला, मला आत जायला उठून वाट दिली आणि म्हणाला, “काका, मधली सीट तुमची. दोन्ही आर्मरेस्टपण तुमचे.” आणि दोन्ही खाली करून दिले.

पुढचा वेळ मी पाय आवळून, दोन आर्मरेस्ट गच्च धरून बसलो. एवढा उपयोग त्यांचा कोणी केला नसेल. बाई मान मागे वळवून वळवून मला खालचा देश सांगत होत्या : धरण दिसून राह्यलं, डोंगर आला, आता वावरं, आता घरं. त्यांना गाडी लागली नाही. निदान फोटो तरी काढावा म्हणून मी मोबाइल काढला, तर घोषणा झाली की पुण्याचा लोहगाव तळ हवाई दलाचा आहे, फोटो काढायला मनाई आहे. चाकं टेकली. खूण विझण्याआधीच सगळं विमान उभं राहिलं. एरवी मी ‘सावकाश, सगळ्यांना उतरायचंच आहे’ असं ओरडलो असतो. त्या दिवशी सगळ्यात पुढे घुसणारा मीच होतो.

बाहेर पोरगी उभी होती. मी तिच्याकडे न पाहता पाट्या वाचत चाललो होतो, तेवढ्यात मागून बाई आपल्या जावयाला घेऊन आल्या. “हे भाऊ रोहन्याचे,” त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “लय भला मानूस. पैशाची खिडकी, पन मले देली.” पोरीचे डोळे भरून आले. तिनं विचारलं, “बाबा, खरंच?” बाईंनी पिशवीतून लाडवाचा चुरा काढून माझ्या हातावर ठेवला. खुलासा करायचा तर वेळ लागणार होता, आणि पाटी डावीकडचा बाण दाखवत होती.