जर्मनची होडी

अॅल्युमिनियमला आमच्याकडे जर्मन म्हणतात. जर्मनचं पातेलं, जर्मनची परात. त्यामुळे मिनेसोटातल्या आमच्या शेजाऱ्याने दारात चौदा फुटी जर्मनची होडी आणून उभी केली, तेव्हा मालवणहून आलेल्या सासूबाई आधी तिच्या पोच्यांवर बोट फिरवू लागल्या.

इथल्या मोटारींच्या नंबरपाटीवर 'दहा हजार तळी' असं छापलेलं असतं. दहा एकर आणि त्याहून मोठी तळी मोजली तर ती ११,८४२ भरतात. बढाई मारतानाही हातचं राखणारं राज्य आहे हे. अशा राज्यात गल्लीगणिक एक होडीवाला असतोच. आमचा मासे धरतो असं तोच सांगतो.

होडी तीनशे डॉलरला, ट्रेलरसकट. अमेरिकेत १९७२ च्या नोव्हेंबरपासून बनलेल्या होड्यांच्या मागच्या बाजूला कारखान्याचा बारा अक्षरी नंबर कोरलेला असतो. हिच्यावर तो नव्हता. म्हणजे ती त्याआधीची, हे तो पेशवेकालीन वाड्याचा मालक सांगेल अशा थाटात सांगे. दुसरं महायुद्ध संपल्यावर विमानाच्या कारखान्यांतलं पत्रा आणि रिव्हेटचं कसब होड्यांत कसं उतरलं, हे व्याख्यान त्याला जोडून यायचं. तोवर आमची बर्फ उपसायची फावडी हातातच.

पहिल्याच रविवारी त्याने बागेचा पाइप होडीत सोडला. होडीत पाणी शिरू नये म्हणून सगळं जग धडपडतं आणि हा ती वीतभर भरून खाली उताणा! जिथून थेंब ठिबकला तिथे मार्करने फुली. सदतीस फुल्या झाल्या. इतक्या आनंदाने दोष मोजणारा माणूस मी लग्नाच्या बैठकीतसुद्धा पाहिला नव्हता.

भरीव रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात. एक बाहेरून हातोडा चालवतो, दुसरा आत बसून रिव्हेटच्या शेपटीवर लोखंडी ठोकळा दाबून धरतो. ठोकळ्याचा मानकरी मी. पत्र्याच्या डब्यात बसून बाहेरून कुणी बडवत असलं की आपण बँकेत अधिकारी आहोत हे विसरायला होतं. "धरलंस ना?" तो ओरडे. "धरलंय!" मी ओरडे. एवढा संवाद आमच्यात सहा वर्षांच्या शेजारात कधी झाला नव्हता.

मग मागची फळी. इंजिन हिच्यावर टांगायचं, आणि आतलं प्लायवूड तर चहात बुडवलेल्या खारीसारखं. मी भाबडेपणाने दुकानातलं वाळवीरोधक प्लायवूड सुचवलं. तो असा दचकला की जणू मी श्रीखंडात मासा सुचवला. त्या लाकडात मुरवलेलं तांबं ओल लागली की अॅल्युमिनियमला खातं, हे मला वहीवर चित्र काढून समजावण्यात आलं. रंगाचीही तीच कथा: आधी पत्रा खरवडा, मग तो चावणारा खास प्रायमर, मग रंग, नाहीतर पापुद्रे.

इथवर ती दुरुस्ती होती. पुढे हौस सुरू झाली. गालिचा, फिरत्या खुर्च्या, पकडलेले मासे जिवंत ठेवायची टाकी, मासे दाखवणारा पडदा, पेल्यांसाठी चार खळगे. बिलं गळाच्या पेटीत, आमिषांच्या खाली. ती पेटी बायको उघडत नाही हे त्याला ठाऊक. तिने ती कधीच उघडून बेरीज केली आहे, हे माझ्या बायकोला ठाऊक.

मेच्या मध्यावर इथे वॉलाय माशाचा हंगाम उघडतो. दोन हंगाम उघडले आणि मिटले. सासूबाई खिडकीतून विचारायच्या, "ह्यो होडी पाण्यात कधी घालतलो?" त्यांच्या मालवणात पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर येतात, डागडुजी होते आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून परत पाण्यात जातात. हा नारळ कुठे अडलाय, ते त्यांना कळेना.

यंदा ती पाण्यात गेली. बरोबर मी. धक्क्यापासून वीस हातांवर गेल्यावर माझे मोजे भिजले. सदतीस रिव्हेट ठणठणीत, पण पाणी काढायच्या भोकाचं बूच गॅरेजात, खुंटीला, नवा रंग देऊन वाळत टांगलेलं. मासा एकही नाही. घरी येताना तो मात्र शीळ घालत होता.

गेल्या आठवड्यात त्याच्या दारात सोळा फुटी होडी आली आहे, पोच्यांसकट. मी पुढच्या महिन्यात मालवणला निघतोय. मिनेसोटात कुणी मराठी माणूस रविवारी रिकामा असेल, तर कळवा. ठोकळा इथेच मिळेल.