सगळ्यांना चालेल असा केक: बेंगळुरूतल्या नवशिक्यांसाठी

पहिली पायरी: ओव्हनला हात लावू नका. वही-पेन घ्या आणि पाहुण्यांना फोन करा. बेंगळुरूच्या सोसायटीत वाढदिवसाला बारा माणसं बोलावली की पथ्यं चौदा निघतात. माझ्या यादीत सीलिॲकचा त्रास असलेला, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न चालणारा एक मुलगा, दोन मधुमेही काका, एक व्हीगन सहकारी, एक जैन जोडपं आणि ऐनवेळी एकादशी आठवलेल्या सासूबाई होत्या. ‘मला काहीही चालतं’ म्हणणाऱ्याचं नाव लाल शाईने लिहा. त्याला शेंगदाण्याची ॲलर्जी असते आणि ती केक कापल्यावर आठवते.

दुसरी पायरी: अंडं. याची काळजी या गावात करायची नसते. हासन जिल्ह्यातून आलेल्या अय्यंगारांनी इथे गल्लोगल्ली बिनअंड्याच्या बेकऱ्या थाटून ठेवल्यात. नवशिक्याचं मन साहजिकच त्यांच्या हनी केककडे धावतं, तोच तो, वर जॅम आणि खोबऱ्याचा कीस लावलेला. आणा खुशाल, पण खाणार कोण? मैदा असल्यामुळे मुलगा बाद, मधाच्या नावानेच व्हीगन बाद आणि कडक पथ्य पाळत असतील तर जैनही बाद. काका मात्र दोन तुकडे उचलतील. त्यांच्यावर नजर ठेवा.

तिसरी पायरी: मैदा हटवा. मी पहिल्यांदा मैद्याऐवजी रवा घातला होता. मुलाच्या आईने जरा वेळ गप्प राहून, मग अगदी हळू आवाजात सांगितलं, ‘रवा गव्हाचाच असतो हो.’ तेव्हापासून नाचणी. इथे तिला रागी म्हणतात आणि ती कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते. मात्र गिरणीतून दळून आणू नका. मी आणली होती. परातीत ओतली तर तपकिरी पिठात पांढरी रेघ! आधीच्या बाईंचे गहू. आपल्याकडे पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही. त्या रेघेचा हिशोब तुम्हीच करा. सीलबंद पाकीट आणा, त्यावर हे शब्द आहेत ना ते वाचा.

ग्लुटेन गेलं की केकचा कणाच जातो, भुगा होतो. एक मोठा चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवा. बुळबुळीत होईल, दिसायला वाईट दिसेल, घाबरू नका. एका अंड्याचं काम ते करतं. जोडीला पिकलेलं केळं, तेल आणि नारळाचं दूध.

सोडा मात्र दादरच्या मावशीच्या मापाने घालू नका. आपण समुद्रसपाटीपासून 900 मीटरवर राहतो. हवेचा दाब कमी, त्यामुळे बुडबुडे भराभर फुगतात, केक ऐटीत वर येतो आणि मधोमध बसतो. चिमूटभर कमीच घाला. तरीही खड्डा पडलाच तर पडू द्या, खड्ड्याबद्दल बेंगळुरूकर आता बोलत नाहीत.

‘साखर नाही, गूळ घातलाय’ हे वाक्य काकांसमोर उच्चारू नका. गूळ ही साखरच आहे, केळंही गोडच, आणि नाचणी म्हणजे औषध नव्हे. पातळ फोड द्या, खरं सांगा. रुसतील.

राहिल्या सासूबाई. नाचणी एकादशीला चालत नाही, म्हणून त्यांनी स्वतःचा उपवासाचा डबा उघडला. राजगिरा, शिंगाड्याचं पीठ, साबुदाणा. यात गहू औषधालाही नाही आणि हे सगळं गेली कित्येक वर्षं माझ्याच फडताळात पडून होतं! त्यांनी घरी केलेली राजगिऱ्याची चिक्की पुढे केली, शेंगदाण्याशिवाय. मुलाने चार वड्या खाल्ल्या. माझ्या केककडे तो वळलाच नाही.

शेवटची पायरी: त्याच सुरीने आधी कुणी हनी केक कापला नाही ना, तेवढं बघा.