संतूर वाजलं की पापड्या वाळतात

थोरामोठ्यांच्या आठवणी त्यांच्या आवडत्या संगीताला शोभून दिसतात. अमुक राग कानावर पडला आणि गंगेकाठची संध्याकाळ आठवली, असं ते मुलाखतीत सांगतात. माझ्याकडे मात्र संगीत अव्वल आणि आठवणी भिकार.

'कॉल ऑफ द व्हॅली' घ्या. 1967 सालची ध्वनिमुद्रिका. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा अख्खा दिवस त्यात रागांमधून उलगडत जातो. (ती घडवून आणणारे एचएमव्हीचे जी. एन. जोशी म्हणजे आपले भावगीतगायक जोशीच, हे मराठी माणसाने चारचौघांत जरूर सांगावं. मी सांगतो.) जगभरच्या रसिकांना ती ऐकताना बर्फाची शिखरं दिसतात. मला साबुदाण्याच्या पापड्या दिसतात. मे महिन्यात आई गच्चीवर पापड्या घालायची, कावळे हाकलायला मला बसवायची आणि मी उठून जाऊ नये म्हणून टेपरेकॉर्डर द्यायची. त्यामुळे पहाटेचा अहिरभैरव मी कायम भर दुपारी, डोक्याला ओला पंचा गुंडाळून ऐकला. आजही मैफलीत संतूर छेडलं की माझा उजवा हात आपोआप काठी शोधू लागतो. शेजारची मंडळी समजतात, मला ताल कळतो.

'शिवकल्याण राजा'ची कथा जरा रक्तरंजित आहे. राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली तेव्हा, 1974 मध्ये निघालेला हा संच. लतादीदींचा आवाज, हृदयनाथांचं संगीत आणि बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन. आमचे काका ही कॅसेट रविवारी सकाळी दाढी करताना लावत. निवेदन सुरू झालं की गालाला साबण आणि गाणं सुरू झालं की वस्तरा, असा क्रम ठरलेला. पण काका स्वभावाने वीर. सात मराठे दौडू लागले की काकांचा हातही दौडे. दुसरी बाजू संपेपर्यंत हनुवटीवर दोनतीन ठिकाणी वर्तमानपत्राचे कपटे चिकटलेले असत आणि काकू तुरटी शोधत असायच्या. महाराजांचं नाव ऐकून लोकांची छाती फुगते, माझ्या नाकात तुरटीचा वास येतो.

'गीतरामायणा'त तर आमच्या घरी न भरून येणारं नुकसान झालं. 1955 च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेली ही मालिका वर्षभर दर आठवड्याला एक गाणं देत होती. गदिमांची एकूण 56 गाणी, बाबूजींच्या चाली. लव-कुशांच्या भूपापासून शेवटच्या भैरवीपर्यंत सगळं घर पाठ म्हणायचं, असं लिहायला मला आवडलं असतं. पण आमच्या संचातल्या शेवटच्या दोन कॅसेटी शेजाऱ्यांनी 'उद्या देतो' म्हणून नेल्या, त्या गेल्याच. परिणामी आमच्या घरी रावण मेलाच नाही. सेतू बांधून झाला, युद्धाला तोंड फुटलं, की टेप खट्‌कन बंद. आजी दर चैत्रात माजघरातून ओरडायची, "अरे, त्या मेल्याला म्हणावं, माझा राम तरी परत दे!" शेजारी वाडा सोडून गेले. सीता अजून अशोकवनात आहे.

सौमित्रच्या कविता आणि मिलिंद इंगळेंची गाणी असलेला 'गारवा' आला तेव्हा मी वयाने बरोबर त्याच्या तावडीत सापडण्याजोगा होतो. इथे तरी एखादी बरी आठवण असायला हवी होती. पण लग्नानंतर पहिल्या पावसात मी तो मोठ्या आशेने लावला, तर बायको खिडकीपाशी गेली, डोळे मिटून खोल श्वास घेतला आणि म्हणाली, "हे लागलं की मला आमच्या वसतिगृहातल्या न वाळलेल्या चादरींचा वास येतो. अहो, दोरीवरचे कपडे काढलेत का?" मी कपडे काढायला गेलो. तेव्हापासून 'गारवा' म्हटलं की मलाही चिमटेच आठवतात. संसारात आठवणीसुद्धा सामाईक खात्यात जमा होतात.

मुलगी हे सगळं फोनवर ऐकते, तेही उलटसुलट क्रमाने. एक अभंग, मधेच कुठलं तरी कोरियन गाणं, मग पुन्हा अभंग. तिला काय आठवेल देव जाणे. तिचं तिने बघावं. तुम्हाला एवढंच सांगतो, 'शिवकल्याण राजा' अजून ऐकला नसेल तर जरूर ऐका. फक्त दाढी आधी उरकून घ्या.